एक्सव्ही६ मधे स्वतःचा स्लॅब अलोकेटर टाकतोय, सर म्हणतात "गरज काय ते आधी सिद्ध करा". काय सांगू?

शेवटचं_सेम

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, चौघांचा ग्रुप, आणि प्रोजेक्ट घेतलाय एक्सव्ही६ मधे स्लॅब अलोकेटर टाकायचा (अलोकेटर म्हणजे मागेल त्याला मेमरी वाटून देणारा कोड, आणि स्लॅब म्हणजे मेमरीच्या एका पानात एकाच मापाच्या छोट्या वस्तू बसवून देणारा). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक्सव्ही६ म्हणजे एमआयटीने शिकवायला लिहिलेली छोटी युनिक्ससारखी ओएस, आम्ही तिचं रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीचं व्हर्जन क्यूएमूवर (लॅपटॉपवर दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवतो. तिच्यात मेमरी मागायची एकच सोय आहे, के-अलॉक नावाचं फंक्शन, ते ४०९६ बाइटचं एक अख्खं पान देतं, त्याहून कमी नाही न् जास्तही नाही. मोकळी पानं एका लिंक्ड लिस्टमधे असतात आणि त्या लिस्टला एकच लॉक (एका वेळी एकाच कोअरला हात लावू देणारं कुलूप).

तर पहिल्या रिव्ह्यूला आम्ही छान स्लाइडा बिइडा करून गेलो आणि सरांनी पहिलाच प्रश्न विचारला की आहे त्यात वाईट काय आहे? आम्ही म्हटलं सर स्लॅब फास्ट असतो, फ्रॅगमेंटेशन (मोकळी मेमरी तुकड्यांत अडकून वाया जाणं) कमी होतं, लिनक्स पण तेच वापरतं. तर म्हणाले हे सगळं पुस्तकातलं झालं, तुमच्या कर्नलला (ओएसच्या गाभ्याला) याची गरज का आहे ते सांगा, नाहीतर टॉपिक बदला. आता टॉपिक बदलायला वेळ नाहीये, अर्धा कोड लिहून झालाय.

आमच्याकडे एक आकडा आहे. पाईपचं (एका प्रोसेसचा डेटा दुसरीला पोचवणाऱ्या नळीचं) स्ट्रक्चर स्लॅबमधून द्यायला लागलो तर पाईप उघडा-बंद करा असा लूप जवळपास निम्म्या वेळात संपतो. हे पुरेल का? आणि खऱ्या कर्नलवाले लोक असलं काही टाकताना काय कारण देतात? तिथेही कोणीतरी विचारत असेलच ना की बाबा जे आहे ते का नको.

---

फर्मवेअरवाला_नाशिक

आमच्याकडे उलटं असतं रे. आम्ही मायक्रोकंट्रोलरवर काम करतो, तिथे क्लायंट पहिल्याच मीटिंगमधे विचारतो की तुम्ही डायनॅमिक मेमरी (प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतलेली) वापरताच का. ती नको असेल तर कारण विचारत नाहीत, हवी असेल तर विचारतात.

फ्रीआरटीओएस (मायक्रोकंट्रोलरवरची छोटी ओएस) बघ कधी. त्यात हीपच्या (म्हणजे याच डायनॅमिक मेमरीच्या) पाच फायली येतात, हीप_१ पासून हीप_५ पर्यंत, आपल्याला हवी ती घ्यायची. हीप_१ मधे फ्री नाहीच! एकदा दिलं ते दिलं, परत घ्यायची भानगड नाही. नवीन पोरांना हसू येतं, पण ज्या डिव्हाइसमधे बूट होताना चार टास्क आणि दोन क्यू बनतात आणि मग प्लग काढेपर्यंत तेच चालू असतं तिथे यापेक्षा चांगला अलोकेटर जगात नाही, कारण फ्रॅगमेंटेशन होऊच शकत नाही आणि वेळ किती लागणार ते आधीच माहीत. हीप_२ फ्री करतो पण शेजारचे मोकळे तुकडे जोडत नाही, हीप_४ जोडतो, हीप_५ ला मेमरीचे वेगवेगळे तुकडे एकत्र घेता येतात, हीप_३ नुसता कंपायलरबरोबर येणाऱ्या मॅलॉकला (मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनला) गुंडाळतो.

"फास्ट आहे" हे कारण मी कधीच देत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो कशापेक्षा फास्ट, सरासरीत का सगळ्यात वाईट वेळेला. मोटर कंट्रोलमधे सरासरीला कोण विचारतो, एकदा उशीर झाला की झालं. त्यासाठीच टीएलएसएफ सारखे अलोकेटर निघाले (२००४ चा आहे तो), मागणी केवढीही असो, वेळ ठरलेला. तेव्हा आधी हे ठरव की तुझा अलोकेटर कुठली हमी देतो जी के-अलॉक देत नाही. हमी सापडली तर कारण सापडलं.

---

कोअरडंप_काका

नाशिककरांनी नीट सांगितलंय. मी जरा एक्सव्ही६ चाच हिशोब मांडतो, कारण सरांनी "तुमच्या कर्नलला" असं विचारलंय आणि ते बरोबर विचारलंय.

आधी मेमरी वाचते का ते बघू. पाईपचं स्ट्रक्चर किती मोठं? आत ५१२ बाइटचा बफर, २४ बाइटचा स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागेवर फेऱ्या मारत थांबायला लावणारं लॉक), आणि चार-चार बाइटचे चार आकडे. म्हणजे ५५२. त्यासाठी अख्खं ४०९६ चं पान जातं, ऐकायला भयंकर वाटतं, ३५४४ बाइट फुकट. पण पाईप जास्तीत जास्त किती होणार? एक्सव्ही६ मधे उघड्या फायलींचं टेबल १०० चं आहे, सगळ्या सिस्टिमला मिळून १००. एका पाईपला दोन जागा लागतात. म्हणजे काहीही केलंस तरी ५० च्या वर पाईप होणार नाहीत. ५० पानं. तुझ्या स्लॅबने एका पानात ७ बसवले तर ८ पानं लागतील, म्हणजे वाचली ४२ पानं, १६८ केबी. मशीनला रॅम १२८ एमबी, म्हणजे ३२७६८ पानं. ३२७६८ मधली ४२ वाचवायला तू नवीन सबसिस्टिम लिहिणार, तिचे बग काढणार. मी सर असतो तर मीही टॉपिक बदल म्हटलं असतं :)

बरं मग के-अलॉक आणखी कोण कोण मागतं? फोर्क (नवी प्रोसेस बनवणारा) मागतो, एक्झेक (प्रोसेसमधे नवा प्रोग्रॅम चढवणारा) मागतो, एसबीआरके (प्रोसेसची मेमरी वाढवणारा) मागतो, पेज टेबलं (मेमरीच्या पत्त्यांचे नकाशे) मागतात. या सगळ्यांना अख्खं पानच हवं असतं, तुझा स्लॅब त्यांच्या वाटेलाही जात नाही. ट्रॅपफ्रेम (प्रोसेस कर्नलमधे शिरताना तिचे रजिस्टर ठेवायची जागा) २८८ बाइटची आहे आणि तिलाही पूर्ण पान मिळतं, तिथे तोंडाला पाणी सुटेल, पण ती प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलमधे एका ठरलेल्या पत्त्यावर मॅप होते, त्यामुळे एका पानात पाच-दहा ट्रॅपफ्रेम कोंबायला गेलास तर ट्रॅम्पोलिनचा (कर्नलमधे आत-बाहेर नेणारा) असेंब्ली कोड पण बदलावा लागेल. नको त्यात पडू. एक्झेक करताना प्रत्येक आर्ग्युमेंटच्या स्ट्रिंगला पण एकेक पान घेतलं जातं, अगदी दोन अक्षरी असली तरी, पण ते लगेच सोडलं जातं.

म्हणजे आजच्या एक्सव्ही६ ला स्लॅबची गरज नाही. हे रिपोर्टमधे असंच लिही. सर खूश होतील, खरंच सांगतो, कारण फार कमी पोरं आपल्या प्रोजेक्टविरुद्धचा हिशोब आपणहून मांडतात.

आता प्रश्न उलटा घे. एक्सव्ही६ ला गरज का पडत नाही? कारण तिने छोट्या वस्तू डायनॅमिक ठेवल्याच नाहीत. फायली १००, प्रोसेस ६४, आयनोड (डिस्कवरच्या फायलीची नोंद) ५०, सगळी टेबलं कंपाइल करतानाच ठरलेली. ते असं का, तर छोटी मेमरी द्यायची सोयच नाही म्हणून! फायलीचं स्ट्रक्चर ४० बाइटचं आहे. १०० ची मर्यादा काढायची म्हटलं तर आज तुझ्याकडे एकच रस्ता, प्रत्येक फायलीला एक पान, म्हणजे ४० बाइटसाठी ४०९६. ते कोणी करणार नाही. म्हणून मर्यादा तशीच राहते. एमआयटीनेच २०१९ ला हीच लॅब दिली होती, तिथे बडी अलोकेटर (१६, ३२, ६४ असे दुप्पट-दुप्पट मापाचे तुकडे देणारा) वापरून फायलींची १०० ची अट काढायला लावली होती. बडीमधे ४० बाइटला ६४ चा तुकडा मिळतो, २४ वाया. स्लॅबमधे एका पानात हेडर धरून शंभर आरामात. आता तुझ्याकडे कारणही आलं आणि तुलना करायला दुसरा अलोकेटर पण आला.

तर प्रोजेक्टचं नाव "स्लॅब अलोकेटर" ठेवू नकोस. "एक्सव्ही६ मधल्या फायली, आयनोड आणि पाईप यांच्या ठरीव मर्यादा काढणे" असं ठेव. स्लॅब त्याच्या पोटात येतो. कर्नलमधे मागणारा आधी असतो, अलोकेटर नंतर.

खऱ्या कर्नलचं विचारलंस. तिथे कोणाला स्वतःचा अलोकेटर लिहू देतच नाहीत सहजी. लिनक्सची गंमत बघ, एके काळी तिथे तीन होते. मूळचा स्लॅब, छोट्या मशीनसाठी स्लॉब, आणि २००७ मधे २.६.२२ ला आलेला स्लब. तिघांनाही आपापलं कारण होतं आणि कागदावर तिन्ही कारणं बरोबर होती. पण तीन म्हणजे प्रत्येक नवीन फीचर तीनदा लिहा, तीनदा टेस्ट करा. शेवटी २०२३ ला ६.४ मधे स्लॉब काढला, २०२४ ला ६.८ मधे स्लॅब पण काढला, आता एकटा स्लब आहे. म्हणजे अनेक वर्षं प्रोडक्शनमधे चाललेल्या कोडला सुद्धा "तू का हवास" हा प्रश्न चुकला नाही, तुझे सर तर बिचारे नुसतं रिव्ह्यूलाच विचारतायत.

आणि मुळात स्लॅबची आयडिया सनच्या जेफ बॉनविकने १९९४ ला मांडली ती सोलारिससाठी, त्यातलं मुख्य कारण मेमरी वाचवणं नव्हतंच. त्याचं म्हणणं होतं की कर्नलमधल्या वस्तूला मेमरी देण्यापेक्षा तिच्यातली लॉकं, लिस्टा वगैरे तयार करायलाच जास्त वेळ जातो, मग वस्तू परत आली की ती तयार अवस्थेतच ठेवून द्या, पुढच्याला तशीच द्या. बघ तुझ्या पाईपमधे तसं काही आहे का.

---

पॉइंटर_ताई

काकांनी मेमरीचा हिशोब केलाय, मी त्या "निम्म्या वेळात" वर येते, कारण मला तो आकडा बघूनच शंका आली.

तू के-अलॉकचा कोड परत एकदा वाच. पान देताना तो त्यात ५ भरतो, आणि के-फ्री पान परत घेताना १ भरतो. पूर्ण ४०९६ बाइट, दोन्ही वेळेला. ते मुद्दाम आहे, कोणी फ्री केलेली मेमरी वापरली तर कचरा दिसावा आणि लवकर फुटावं म्हणून. आता तुझा स्लॅब पाईप देताना हे भरतो का? मला वाटतं भरत नसणार, किंवा फार तर ५५२ बाइट भरत असेल. म्हणजे एका पाईपमागे जुन्या रस्त्याने ८१९२ बाइट लिहिले जात होते ते तू वाचवलेस, आणि त्यालाच "स्लॅब फास्ट आहे" म्हणतोयस. जुन्या के-अलॉकमधल्या त्या दोन ओळी काढ आणि परत मोज. फरक बहुतेक गायब होईल. परीक्षक हुशार असेल तर तो पण हेच विचारेल.

दुसरं, पाईप सिस्टिम कॉलमधे मेमरी मागणं हा एक तुकडा झाला. त्याआधी फाइल-अलॉक दोनदा होतो आणि तो दर वेळी १०० चं टेबल पहिल्यापासून शोधत जातो, लॉक धरून. टेबल जेवढं भरलेलं तेवढा वेळ. तो वेळ तुझ्या आकड्यात मिसळलेला आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्यूएमूवर वेळ मोजून अलोकेटरबद्दल फारसं काही कळत नाही. तो रिस्क-फाइव्हच्या सूचना आपल्या लॅपटॉपच्या सूचनांमधे बदलून चालवतो, त्यात रिस्क-फाइव्ह मशीनचा कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) नसतोच. स्लॅब कलरिंग (कॅशेत गर्दी होऊ नये म्हणून वस्तूंची सुरुवात थोडी सरकवणं) वगैरे केलं असशील तर त्याचा फायदा तिथे दिसणार नाही आणि दिसला तर तो तुझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा असेल. म्हणून वेळ नको मोजू, गोष्टी मोज. किती पानं लागली, लॉक किती वेळा घेतलं, लॉकसाठी किती वेळा फिरावं लागलं, किती मागण्या नाकारल्या गेल्या. हे आकडे क्यूएमूवर पण खरे असतात.

त्यातल्या त्यात लॉकचा मुद्दा एक्सव्ही६ मधे खराच आहे. सगळ्या कोअरना एकच फ्रीलिस्ट, एकच लॉक. एमआयटीची ती प्रसिद्ध लॅब आहे ना, के-अलॉक-टेस्ट वाली, त्यात तीन प्रोसेस आपली मेमरी सारखी वाढवतात न् कमी करतात आणि शेवटी टेस्ट सांगते की लॉकवर किती फेऱ्या वाया गेल्या. मग प्रत्येक कोअरला वेगळी फ्रीलिस्ट द्यायची आणि आपली संपली की दुसऱ्याची चोरायची. हे कारण मोजता येतं, आधी-नंतर दाखवता येतं. पण लक्षात घे, ते स्लॅबचं कारण नाही, पर-कोअर लिस्टचं कारण आहे. दोन्ही एकाच स्लाइडवर टाकू नकोस, लोक तिथेच पकडतात.

---

उगाच_विचारतो

थोडं विषयांतर होईल पण राहवत नाही. युझरस्पेसमधे (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममधे) हा वाद पंचवीसएक वर्षांपूर्वी मोजून झालाय. २००२ च्या ऊप्सला कॉन्फरन्समधे बर्गर, झॉर्न आणि मॅकिनली यांनी स्वतःचे अलोकेटर बाळगणारे आठ प्रोग्रॅम घेतले आणि ते काढून साधा जनरल अलोकेटर (डग लीचा) लावून बघितला. आठातल्या सहांमधे साधाच तितका किंवा जास्त चांगला चालला. फायदा कुठे झाला तर रीजनवाल्यांना, म्हणजे जिथे ढीगभर वस्तू एकदम सोडायच्या असतात तिथे.

आणि मला वाटतं ऐंशी टक्के लोक अलोकेटर लिहितात कारण लिहायला मजा येते. त्यात वाईट काय? सरळ "आम्हाला शिकायचंय" म्हणून सांगा की. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, कोणी ते बँकेत लावणार नाहीये.

---

कोअरडंप_काका

@उगाच_विचारतो ते चालतं पण ते प्रोजेक्टचं कारण झालं, अलोकेटरचं नाही. सर दुसरं विचारतायत.

आणि तो पेपर चांगला आहे पण कर्नलला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथे पडायला खाली काहीच नाही. युझरस्पेसमधे अलोकेटर फसला तर खाली कर्नल असतो, कर्नलमधे फसला तर खाली कोण? लिनक्समधलं मेमपूल घे. डिस्कवर लिहायला बायो नावाचं छोटं स्ट्रक्चर लागतं. आता मेमरी संपलीये, म्हणून कर्नल डर्टी पानं (बदललेली पण अजून डिस्कवर न गेलेली) डिस्कवर लिहून मेमरी मोकळी करायला निघालाय, आणि लिहायला बायो हवा, बायोला मेमरी हवी. अडकलं! म्हणून बायोसाठी थोडे आधीच राखून ठेवतात, आणि हे थोडे म्हणजे किती, तर ब्लॉक लेयरच्या (कर्नलमधल्या डिस्कचं काम बघणाऱ्या भागाच्या) त्या राखीव पूलचा आकडा फक्त २ आहे. दोनच. कारण एक तरी पुढे सरकला की तो संपून परत येतो आणि दुसऱ्याला मिळतो, स्पीड गेला खड्ड्यात पण काम थांबत नाही. याला मी खरं कस्टम अलोकेटरचं कारण म्हणतो. एका वाक्यात सांगता येतं आणि "साधा केमॅलॉक (लिनक्स कर्नलमधे मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) का नको" याचं उत्तर त्यातच आहे.

अजून एक असं. लिनक्समधे टीसीपीच्या सॉकेटची (नेटवर्क कनेक्शनच्या टोकाची) कॅश, म्हणजे त्या प्रकारच्या वस्तूंसाठीचा स्लॅबमधला कप्पा, एका खास फ्लॅगने बनवतात, त्याचा अर्थ असा की सॉकेट फ्री झाला तरी कोणी आरसीयू नावाच्या पद्धतीने लॉक न घेता वाचत असेल तोपर्यंत त्या जागेवर सॉकेटच राहील, फार तर दुसरा सॉकेट येईल, पण दुसरंच काही येणार नाही. वाचणाऱ्याने फक्त "हा तोच आहे का" एवढं तपासायचं. ही हमी साध्या केमॅलॉककडे मागताच येत नाही.

आणि पार दुसऱ्या टोकाला एसईएल४ आहे, ज्याचा गणिती पुरावा २००९ ला आला तो मायक्रोकर्नल. बूट झाल्यावर तो स्वतःसाठी मेमरी मागतच नाही. उरलेली सगळी मेमरी वरच्या प्रोग्रॅमकडे देऊन टाकतो आणि म्हणतो तुला थ्रेड हवा, पेज टेबल हवं, तर त्याची मेमरी तूच तुझ्यातून काढून दे. म्हणजे कर्नलची मेमरी संपली हा प्रकारच नाही. अलोकेटर नसणं हे सुद्धा कारण देऊन घेतलेलं डिझाइन असू शकतं हे रिपोर्टमधे एक पॅरा टाक, छान दिसेल.

---

सॅनिटायझर_सातारा

सगळे फायदे सांगतायत, खर्चाचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी दिवसभर दुसऱ्यांच्या ड्रायव्हरमधले मेमरी बग शोधतो.

स्वतःचा पूल केला की पहिली गोष्ट आंधळी होते ती म्हणजे टूल्स. केसॅन सारख्या (कर्नलमधले मेमरी बग पकडणाऱ्या) टूलला मुख्य अलोकेटर सांगत असतो की हा तुकडा दिला, हा परत आला. तू एकदाच मोठा तुकडा घेऊन आत स्वतः वाटप करायला लागलास की केसॅनच्या दृष्टीने सगळा तुकडा कायम "दिलेला"च आहे. मग आत कोणी फ्री केलेली वस्तू वापरली तरी ते गप्प. ड्रायव्हर टेस्टमधे हिरवागार आणि कस्टमरकडे आठवड्यातून एकदा पडणार, असला बग शोधायला जो वेळ जातो त्यापुढे तुमचे वाचलेले मायक्रोसेकंद काहीच नाहीत. लिनक्सच्या मेमपूलमधे केसॅनला कळवायचा कोड मुद्दाम घातलेला आहे, घरगुती पूलवाले तो घालत नाहीत.

२०१४ चं हार्टब्लीड (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला मेमरीतला डेटा बाहेर गळवणारा बग) आठवत असेल. ओपनएसएसएलने मॅलॉकच्या वर स्वतःची फ्रीलिस्ट ठेवली होती, कारण काय तर काही प्लॅटफॉर्मवर मॅलॉक स्लो. त्यामुळे ओपनबीएसडी या ओएसच्या मॅलॉकमधे जी संरक्षणं होती ती लागूच होईनात, मेमरी मॅलॉककडे परत जातच नव्हती. आणि ती फ्रीलिस्ट बंद करून बघितली तर कनेक्शनच तुटायला लागली, कारण कोडमधे एके ठिकाणी बफर फ्री करून परत तोच मिळेल असं धरून चाललं होतं. म्हणजे अलोकेटर लपवत होता बग.

पण एक गोष्ट तुझ्या बाजूची पण सांगतो. टाइपप्रमाणे वेगळे कप्पे ठेवणं हे आता सिक्युरिटीचं मोठं कारण आहे. फ्री झालेल्या फायलीच्या जागी हल्लेखोराने स्वतःच्या मनातला डेटा आणून बसवणं हीच अर्ध्या कर्नल एक्स्प्लॉइटची सुरुवात असते, कप्पे वेगळे असले की ते अवघड होतं. ॲपलने आयओएस १५ पासून आपल्या कर्नलमधे हेच केलंय. गंमत म्हणजे लिनक्सचा स्लब सारख्या मापाच्या कॅशी आपणहून एकत्र करतो, मेमरी वाचावी म्हणून, तू हौसेने स्वतःची कॅश बनवतोस आणि यादीत बघतोस तर नावच नाही. बूट करताना ऑप्शन देऊन ते बंद करता येतं. म्हणजे मेमरी वाचवणं आणि कप्पे वेगळे ठेवणं ही दोन कारणं एकमेकांच्या विरोधात आहेत, दोन्हीचं श्रेय एकदम घेता येत नाही.

---

शेवटचं_सेम

बाप रे एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद.

ताई, तुम्ही म्हणालात तसं दोन्हीकडचं भरणं बंद करून परत चालवलं. फरक इतका कमी झाला की प्रत्येक रनला वेगळं उत्तर येतंय, कधी स्लॅब पुढे कधी जुना. ती स्लाइड काढून टाकली. त्याऐवजी ग्रुपमधल्या एकाने के-अलॉकला मागणाऱ्याचं नाव लावून मोजणी टाकली आणि युझरटेस्ट्स (एक्सव्ही६ बरोबर येणाऱ्या टेस्ट) चालवल्या, तर काका म्हणाले तसंच, फोर्क, एक्झेक, एसबीआरके यांनीच सगळं खाल्लंय, पाईप शोधायला भिंग लागेल.

आता ठरलं असं की नाव बदलायचं, फायली आणि पाईप दोन्ही डायनॅमिक करायचे, आयनोड जमलं तर. तुलना तीन गोष्टींची, एका फायलीला एक पान, बडी, आणि आमचा स्लॅब, आणि मोजायचं फक्त पानं आणि लॉकच्या फेऱ्या. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले "आता प्रश्न कळलाय तुम्हाला, पुढच्या रिव्ह्यूला या".

दोन शंका राहिल्यात. एक, परत करताना फक्त पॉइंटर येतो, साइज येत नाही, मग तो कुठल्या स्लॅबचा आहे ते कसं ओळखायचं? आम्ही एक मोठं टेबल ठेवलंय सगळ्या पानांचं पण ते कुरूप वाटतंय. दोन, स्लॅब पूर्ण रिकामा झाला की पान लगेच परत द्यायचं का?

---

पॉइंटर_ताई

टेबल नको. स्लॅबचं हेडर पानाच्या सुरुवातीलाच ठेव. पॉइंटर आला की त्याला पानाच्या हद्दीपर्यंत खाली गोल कर, त्यासाठी मॅक्रो आधीपासून आहेच एक्सव्ही६ मधे, आणि तिथे हेडर मिळतं. हेडरमधे कुठल्या प्रकारचा स्लॅब, किती दिलेत, आणि पहिली मोकळी जागा कुठे, एवढं बास. जागेची काळजी करू नकोस, ७ पाईपचे ३८६४ बाइट होतात, ४०९६ मधे २३२ उरतात, हेडर त्यात आरामात बसतं, पाईप सातचे सातच राहतात. हेडरमधे एक ओळखीचा आकडा पण ठेव, चुकून साध्या पानाचा पॉइंटर आला तर तिथेच पॅनिक (चूक दिसताच कर्नल थांबवणं) करता येईल.

आणि ते १ भरणं परत चालू कर हां, मोजमाप झालं की. फक्त पान न भरता ती वस्तू भर. आणि मोकळ्या वस्तूंची लिंक वस्तूच्या आतच ठेवत असशील तर भरून झाल्यावर लिंक लिही, उलट केलंस तर लिस्ट स्वतःच पुसशील.

---

कोअरडंप_काका

दुसऱ्या शंकेचं. लगेच परत दिलंस तर एकच पाईप उघडा-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला दर वेळी नवीन पान घ्यावं लागेल, सगळं हेडर नव्याने मांडावं लागेल, आणि के-अलॉकचं लॉक दर वेळी घ्यावं लागेल, म्हणजे तुमच्याच लॉकच्या आकड्यांची वाट. कधीच नाही दिलंस तर एकदा हजार फायली उघडून बंद केल्या की ती पानं फायलींनाच अडकून राहतील आणि फोर्कला मेमरी नाही म्हणून नकार मिळेल. मधला मार्ग, प्रत्येक प्रकाराचा एक रिकामा स्लॅब हाताशी ठेव, दुसरा रिकामा झाला की तो परत दे. आणि के-अलॉकची लिस्ट संपली तर नकार द्यायच्या आधी हे हाताशी ठेवलेले स्लॅब काढून घेता येतील असं एक फंक्शन लिहा. लॉकचा क्रम मात्र आधी कागदावर ठरवा, स्लॅबचं लॉक धरून के-अलॉकमधे जाताय आणि तिथून परत स्लॅबचं लॉक मागताय असं झालं तर एक्सव्ही६ चा स्पिनलॉक "acquire" एवढंच बोलून पॅनिक होतो.

---

उगाच_विचारतो

रिपोर्ट झाला की इथे टाक रे. आणि फोर्कने किती पानं खाल्ली तो तक्ता पण, तो मला जास्त इंटरेस्टिंग वाटतोय. कॉपी-ऑन-राइट (फोर्कच्या वेळी पानांची नक्कल न करता कोणी लिहायला गेलं तरच करणं) केलं तर स्लॅबपेक्षा कितीतरी पटीने पानं वाचतील, पण ते आता सरांना सांगू नकोस, खरंच टॉपिक बदलायला लावतील.